थर्मल पॅड की अभ्रक-पेस्ट? परत उघडाव्या लागणाऱ्या मशीनसाठी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी यंत्रं) आणि इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन दुरुस्त करणारी नवी पोरं मला हे हमखास विचारतात: आयजीबीटीखाली सिलिकॉनचा पॅड घालू, की अभ्रक लावून पेस्ट? आयजीबीटी म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा, तापणारा पार्ट. त्याची उष्णता हीटसिंकमध्ये, म्हणजे ती हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्यात, जावी पण वीज जाऊ नये म्हणून मध्ये हे घालायचं. मी दोन्ही बरीच वर्षं वापरलंय. माझा कल कुठं आहे ते पुढं कळेलच, पण पॅडला नावं ठेवायची म्हणून मी ठेवणार नाही.

पॅड कापला की बसवला. हात बरबटत नाहीत, वीजरोधनही त्यातच येतं. पार्ट आणि हीटसिंकमध्ये मिलिमीटरभर फट असेल तर पेस्टचा काही उपयोगच नाही, तिथं पॅडच पाहिजे. कंपनीतून बसून आलेला पॅड, मशीन कुणी उघडलं नाही तर, बिनतक्रार चालतो.

पण आमच्याकडं मशीन उघडावं लागतंच. जवळच्या मच्छे गावच्या एका फॅब्रिकेशनवाल्याचं वेल्डिंग मशीन आलं होतं. पार्ट सोडवताना पॅड चिकटून ताणला गेला, पण फाटला नाही. अखंड दिसतोय म्हणून तोच परत दाबून बसवला. आठ दिवसांत मशीन परत आलं, तोच आयजीबीटी गेलेला. गिऱ्हाईक म्हणत होतं, "हीटसिंक तर गार असायचा की हो." घोटाळा तिथंच होता. हीटसिंक गार होता, कारण उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.

तो पॅड मी कोपऱ्याला धरून उजेडात ओढून बघितला. ताणलेल्या जागी रंग फिकट पडला होता. त्याचं कारण असं: नुसत्या सिलिकॉन रबराची उष्णता वाहण्याची क्षमता साधारण 0.2 वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, म्हणजे फार कमी. पॅडवर 3 किंवा 6 असा आकडा दिसतो तो त्यात ठासून भरलेल्या ॲल्युमिना किंवा बोरॉन नायट्राइडच्या कणांमुळं. कणाला कण टेकलेला असतो आणि त्या साखळीतून उष्णता जाते. पॅड ओढला की रबर ताणतं, कण ताणत नाहीत. रबर कणापासून सुटतं आणि बारीक पोकळ्या पडतात. त्यात हवा, आणि हवेचा आकडा 0.026. शिवाय एकदा दबलेला पॅड पूर्ण फुगून वर येत नाही, त्यामुळं दुसऱ्या खेपेला तो सगळीकडं सारखा टेकतही नाही.

चीर कुठल्या दिशेनं गेली हेही बघा. ब्लेडनं वरून खाली उभी चीर पडली तर उष्णता तिच्या दोन्ही बाजूंनी जाते, फारसं बिघडत नाही. वीजरोधनाची काळजी तेवढी राहते. आडवा पापुद्रा सुटला तर मात्र सगळी उष्णता तिथं अडते. आणि चिकटलेला पॅड सोलताना नेमकं हे दुसरंच होतं. मला पॅड नकोसा झाला तो यामुळं: जखम आत होते आणि डोळ्याला दिसत नाही.

पेस्टचेही त्रास आहेतच. गरम-गार होऊन ती कडेला सरकते, कालांतरानं सुकून तडकते. फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) बारीक वाळूचा एक कण जरी खाली राहिला तरी स्क्रू आवळताना अभ्रक फुटतं. म्हणून मी आधी स्पिरिटनं पुसतो, मग बोट फिरवून बघतो. पण अभ्रकाची तड उजेडात धरली की दिसते, आणि जुनी पेस्ट पुसून नवी लावली की जुनं नुकसान शिल्लक राहत नाही. मला वाटतं, दर पावसाळ्यानंतर उघडावी लागणारी ड्राइव्ह असेल तर एवढ्यावरच निर्णय व्हावा. तुमचं काम वेगळं असेल, तर अनुभवही वेगळा असू शकेल.

पॅडच घालायचा असेल तर दर खेपेला नवा घाला. आणि जुना निघाल्या निघाल्या कात्रीनं दोन तुकडे करून टाका. टेबलावर राहिला तर संध्याकाळच्या घाईत तोच परत बसतो.