आईच्या साड्यांची गोधडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

परवा रात्री कूस बदलताना गोधडीचा गोट, म्हणजे कडेची पट्टी, हनुवटीपाशी टर्रकन फाटला, म्हणून आज लिहायला बसले. नाहीतर अजून एक हिवाळा काढून मगच लिहिणार होते.

गोधडी कशी शिवतात हे मराठी माणसाला सांगायला नको. माझी एकेरी पलंगाची आहे. वरखाली आईची दोन सुती लुगडी, आत तिच्याच तीन विरलेल्या साड्या. इथल्या, नाशिकच्या पंचवटीतल्या एका मावशींनी नोव्हेंबरात हाताने शिवून दिली, दोऱ्यासकट २,२०० रुपये. धावदोरा बारीक आणि सरळ आहे, आठ महिन्यांत एक टाका उसवलेला नाही.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी ऑनलाइन मायक्रोफायबरचं कम्फर्टर मागवलं होतं, १,८९९ ला. पिशवीतून काढलं तेव्हा लोण्यासारखं लागलं, आणि मी दोन दिवस सगळ्यांना हात लावायला लावला. तिकडे निफाडचा पारा एक आकडी झाला की इथे आमच्या टाचा उलतात. त्या भेगांना ते कापड रात्रभर अडकायचं. पाय हलवला की करकर, आणि अंगावर काटा. शिवाय मायक्रोफायबर म्हणजे शेवटी अतिबारीक पॉलिएस्टर. सूत हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून पहाटे मान घामेजलेली असायची. तिसऱ्या धुण्यात आतलं भरण एका कोपऱ्यात गोळा झालं. तक्रार केली तर उत्तर आलं की मशीनमध्ये धुतलं, आता वॉरंटी नाही. लेबलवर मशीनचं चित्र स्पष्ट छापलेलं होतं! त्याचा फोटो पाठवला, सतरा दिवस ईमेल लिहिले, शेवटी तीनशेचं कूपन हातात. ते मी वापरलं नाही, वापरणारही नाही. १,८९९ रुपये मला अजून बोचतात.

आता गोटाबद्दल. मावशींनी कडेला नव्या पॉपलिनचा गोट लावून दिला होता. आतलं कापड तीस वर्षं धुतलेलं, सायीसारखं, आणि नेमकं हनुवटीला, गळ्याला लागतं तिथे हे कडक. रात्रभर हनुवटी आणि गळा घासला जायचा. मी गोधडी उलटी केली, आडवी केली, पायाकडची बाजू डोक्याकडे घेतली, पण गोट चारी बाजूंनी असल्यावर कुठे जाणार? मावशींना म्हटलं, हा बदला. त्या म्हणाल्या, "ताई, काठाला जरा कडकच लागतं. तिथेच ओढाताण होते." मी ऐकलं नाही. जानेवारीत मेन रोडवरून मलमल आणली, वेगळे साडेतीनशे देऊन गोट बदलून घेतला. फेब्रुवारीत मी या गोधडीला दहापैकी दहा दिले असते.

तो मलमलीचा गोट परवा फाटला. सहा महिनेही टिकला नाही. रोज रात्री तोच काठ मुठीत धरून वर ओढायचा, त्याला गळ्याचं तेल आणि घाम, मग तोच भाग जास्त चोळून धुवायचा. मावशींचं बरोबर होतं आणि माझं चुकलं, हे इथे लिहून ठेवते.

मला नेमका कुठला मऊपणा आवडतो, हे मला या गोधडीनेच शिकवलं. मार्चमध्ये सासूबाईंच्या दोन दाढा काढल्या, तेव्हा आठवडाभर घरात गुरगुट्या भात होता. आमच्याकडे घोटीकडचा इंद्रायणी येतो. तांदळाच्या पाचपट पाणी, चिमूटभर हिंग, वरून मेतकूट आणि तूप. एक दिवस त्यांना सोपं जावं म्हणून मी तो मिक्सरमधून काढला. खळ झाली त्याची! त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "अगं, दाणा तरी लागू दे जिभेला." तेव्हा मला ते कम्फर्टर आठवलं. त्यात लागायला दाणाच नव्हता. जुन्या लुगड्यावर हात फिरवला की वीण लागते, टाक्याची उठावदार ओळ लागते, आणि तरी काही टोचत नाही. मला हेच हवं असतं, ताटात आणि पांघरुणातही. फरक एवढाच की कापड जुनं लागतं आणि या भाताला तांदूळ नवा लागतो. जुना तांदूळ मोकळा होतो, पुलावाला चांगला, पण मऊ भाताला तो चिकटपणा येत नाही. दुकानदार जुन्याचे जास्त पैसे सांगतो, तेव्हा आमच्यासाठी नवाच स्वस्त आणि मस्त.

गोधडीच्या नादाने घरातलं बाकीचंही बदललं. दिवाणावरचे मखमली अभ्रे एप्रिलच्या उकाड्यात काढले ते पुन्हा घातलेच नाहीत. उरलेल्या साडीचे चार अभ्रे शिवले. मालेगावच्या यंत्रमागावरच्या कापडाचा एक गाऊन घेतला, पहिले पंधरा दिवस तो कागदासारखा वाजत होता. मागावर ताण्याचा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ लावलेली असते, ती निघून जायला पाच-सहा धुणी लागतात. घाई करून त्यात सॉफ्टनर ओतू नका. मी टॉवेलांवर ओतलं आणि ते पाणी टिपेनासे झाले, कारण सॉफ्टनरचा थर धाग्यावर बसतो. बोअरच्या जड पाण्यानेही कपडे ताठ होतात, म्हणून गोधडी मी नळाच्या पाण्यातच धुते.

धुणं हा या गोधडीचा खरा त्रास. ओली झाली की एकटीने उचलत नाही, पिळायला समोर दुसरं माणूस लागतं. मे महिन्यात गच्चीवर एका दुपारी खडखडीत वाळली. आता आषाढात धुवायची हिंमत नाही, ओलसर राहिली तर कुबट वास येईल. म्हणून फक्त फाटका भाग साबणाने पुसून घेतला. आठवीतला मुलगा तिच्यात शिरून अभ्यास करतो. आईचा वास दुसऱ्या धुण्यालाच गेला, पण तिच्या जांभळ्या लुगड्याचा काठ बरोबर माझ्या उजव्या हाताखाली येतो, आणि झोप लागेपर्यंत माझी बोटं त्याच्यावर असतात.

काल मावशींकडे जाऊन आले. वडिलांचं एक धोतर जपून ठेवलेलं होतं, ते गोटाला दिलं. दुहेरी पट्टी, आतून पॉपलिनची अरुंद अस्तरपट्टी, म्हणजे ओढ अस्तरावर येईल आणि गळ्याला धोतर लागेल. ही कल्पना त्यांचीच. चारशे रुपये सांगितले आणि मी घासाघीस केली नाही. शनिवारी मिळेल. तोवर चादरीवर भागवतेय, आणि रात्रभर हात काठ शोधतोय.