कांद्यावरच्या ‘तिन्हींवर एकच’ औषधात झालेली फसवणूक

बेळगाव तालुक्यात आमचा एक एकर खरीप कांदा होता. ऑगस्टच्या झडीत पातीवर लांबट, खोलगट, मधोमध जांभळट होत जाणारे चट्टे दिसू लागले, काही रोपांच्या माना लांबून पात पिळली, आणि पोंगा, म्हणजे मधली कोवळी पात, उकलून पाहिला तर आत फुलकिडेही होते. त्याच आठवड्यात मोटारसायकलवरून एक विक्रेता बांधावर आला आणि करपा, पीळ व फुलकिडे या तिन्हींवर एकच जैविक औषध म्हणून त्याने पांढरा कॅन पुढे केला.

त्याने आधी पैसे मागितले नाहीत, हे मुद्दाम सांगतो, कारण माझा विश्वास तिथेच बसला. एका वाफ्यावर त्याने स्वतः फवारणी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोंग्यात एकही जिवंत फुलकिडा सापडला नाही आणि मी चार कॅनचे 5,800 रुपये रोख मोजले. फुलकिडे ही कीड, तर करपा आणि पीळ बुरशीचे रोग. कीड मेली म्हणून बुरशी हटत नाही, एवढे वीस वर्षे कांदा करणाऱ्या मला त्या सकाळी सुचायला हवे होते. जैविक औषधाचा गुण सावकाश येतो, तेव्हा त्यात रासायनिक कीटकनाशकच मिसळलेले असावे, असे आता वाटते. दुसरे काही मारल्यास याचा गुण जाईल, असे त्याने बजावल्यामुळे मी मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची ठरलेली फवारणीही टाळली. बारा दिवसांत निम्म्याहून अधिक पात शेंड्याकडून वाळत आली आणि पुढे बहुतेक कांदा लिंबाएवढाही पोसला नाही. त्याचा फोन तोवर बंद झाला होता.

त्याने दिलेला कागद कन्नडमध्ये होता. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. पावती समजून मी तो घडी करून ठेवला होता. पुतणीने वाचला तेव्हा कळले की ते नुसते दरपत्रक आहे. त्यावर विक्री परवान्याचा क्रमांक नाही, बॅच क्रमांक नाही, पैसे मिळाल्याचा उल्लेखही नाही. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातील अधिकाऱ्यांनी कॅनवर सर्वांत आधी शोधला तो नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण, दोन्ही नव्हते.

सीमाभागातील शेतकऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, कन्नड कागद घरातल्या शाळकरी मुलांकडून वाचून घेतल्याशिवाय आणि बॅच क्रमांकासह पक्के बिल हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चौथा कॅन मी सील न फोडता ठेवला आहे. तसलाच कॅन कोणाच्या बांधावर आला असेल, तर येऊन ताडून पाहावा.