फॉग लाइट: हेडलाइटच्या वायरीतून की रिलेवरून?

पावसाळ्यात आंबोली घाटात धुकं उतरलं की जादा दिव्यांची गरज कळते. ते बसवताना बरेच वायरमन हेडलाइटची वायर सोलून तिथेच जोड मारतात. काम झटपट, खर्च नाममात्र. पण 55 वॉटचे दोन हॅलोजन 12 व्होल्टवर 9 अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढतात. तो सगळा भार मूळच्या बारीक वायरीवर आणि स्विचवर येतो. मग फ्यूज उडतो, हेडलाइट मंदावते, जोडावरची टेप वितळून चिकट होते.

रिले म्हणजे थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच. तो असेल तर गाडीतल्या स्विचमधून जेमतेम 0.2 अँपिअर जातो. दिव्यांचा करंट बॅटरीतून रिलेच्या 30 नंबरच्या पिनेत येतो आणि 87 मधून बाहेर पडतो. बॅटरीजवळ 15 अँपिअरचा फ्यूज मात्र हवाच, नाहीतर शॉर्ट झाल्यावर वायर पेटू शकते. माझं मत रिलेच्याच बाजूने आहे.

बिघाड शोधणंही रिलेत सोपं. रिलेची 'टिक' ऐकू आली पण दिवा लागला नाही, तर आधी अर्थ, म्हणजे दिव्याची गाडीच्या बॉडीला बोल्टने जोडलेली निगेटिव्ह वायर, तपासा. स्विच चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थच्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थचा बोल्ट सोडवून खालचा रंग नि गंज घासून काढा आणि पुन्हा घट्ट आवळा.