छोटा डिझेल ट्रॅक्टर सव्वा वर्ष वापरल्यावर : सेल्फ, बॅटरी आणि अर्थची केबल

मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस होऊन वाफसा आला, सुरू (हिवाळ्यात लावलेल्या) उसाची मोठी भरणी, म्हणजे बुडाला माती चढवण्याचे काम, करण्याची वेळ झाली आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या छोट्या ट्रॅक्टरने सेल्फ घेणे सोडून दिले. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत, स्टार्टरजवळून (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरजवळून) ‘टक’ असा एकच आवाज येई आणि पुढे काहीच घडत नसे. तीन सिलिंडरचे इंजिन, साडेचार फुटी सरीतून जाणारी रुंदी वगैरे गोष्टी हा वर्ग बघणाऱ्यांना पाठ असतात, त्यामुळे त्यांवर जागा घालवत नाही. कंपनीचे नावही देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या आकाराच्या बहुतेक ट्रॅक्टरांना लागू पडेल.

सर्व्हिस सेंटरचा माणूस करवीर तालुक्यातल्या आमच्या शेतावर आला. त्याने शेजाऱ्यांच्या मोठ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जंपर केबल जोडली, आमचा ट्रॅक्टर पहिल्याच झटक्यात सुरू झाला आणि निदान पक्के झाले : “साहेब, बॅटरी गेली.” जेमतेम वर्षाची बॅटरी जाते कशी, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. ट्रॅक्टरच्या वॉरंटीत बॅटरी येत नाही, तिची दाद बॅटरी बनवणाऱ्याकडे मागायची आणि निकाल येईपर्यंत थांबायचे, असे सांगण्यात आले. भरणी थांबणार नव्हती. नवी बॅटरी, येण्याजाण्याचा आकार आणि ‘आलोच आहे तर’ म्हणून बदललेला डिझेल फिल्टर मिळून सात हजारांच्या वर रक्कम गेली. जुनी बॅटरी त्याने बदलीत उचलून नेली. ती आज दुसऱ्या कोणाच्या तरी ट्रॅक्टरमध्ये उत्तम चालत असेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

नव्या बॅटरीवर काही आठवडे बरे गेले. जुलैत पावसाने धार धरली आणि तोच ‘टक’ परत आला. या वेळी सर्व्हिस सेंटरकडून स्टार्टर बदलण्याचा सल्ला फोनवरच मिळाला. तो आकडा ऐकल्यावर मी शेजाऱ्यांच्या बॅटरीवर इंजिन सुरू केले आणि ते वाटेत कुठेही बंद न करता थेट कोल्हापुरातले शिवाजी उद्यमनगर गाठले. तिथे स्टार्टर आणि डायनामो दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. माझी सगळी हकिकत ऐकून ते एवढेच म्हणाले, “नव्या बॅटरीला काय धाड भरल्या? आधी अर्थ बघूया की.” अर्थ म्हणजे बॅटरीचे ऋण टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडणारी जाड केबल.

त्यांनी केलेली तपासणी सविस्तर लिहितो, कारण ती साध्या मीटरवर कोणालाही करता येते आणि ती मे महिन्यातच झाली असती तर माझे पैसे वाचले असते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूला आणि काळे टोक बॅटरीच्या ऋण खांबाला लावायचे, आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. अर्थची जोडणी चांगली असेल, तर मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. आमचा मीटर पावणेदोन व्होल्टपर्यंत गेला. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांमधला विद्युतदाब साडेदहा व्होल्टच्या आसपास टिकून होता, म्हणजे बॅटरी आपले काम चोख करत होती आणि स्टार्टरपर्यंत मात्र नऊ व्होल्टसुद्धा पोहोचत नव्हते. छोट्या डिझेल इंजिनाचा स्टार्टरही दीडशे-दोनशे अँपिअर प्रवाह ओढतो. दोनशे अँपिअरच्या वाटेत एका ओमचा शंभरावा भाग इतका अडथळा आला, तरी दोन व्होल्ट तिथेच जळून जातात. दिव्यांना आणि हॉर्नला असा अडथळा जाणवतही नाही, म्हणून सगळे काही ठीक असल्याचा भास होतो.

जंपर केबलने ट्रॅक्टर का सुरू होत होता, याचा उलगडाही तिथेच झाला. जंपरचे ऋण टोक इंजिनाच्या अंगाला चिकटवलेले होते. त्यामुळे प्रवाहाला परतीची नवी वाट मिळाली आणि आमची बिघडलेली अर्थ केबल आपोआप टाळली गेली. ज्या प्रयोगावरून बॅटरी दोषी ठरली, त्याच प्रयोगाने खरा दोष झाकला. नवी बॅटरी बसवताना त्या बाजूच्या बोल्टची हलवाहलव झाली, तेवढ्यावर पुढचे काही आठवडे निभावले, असे मिस्त्रींचे मत पडले आणि मलाही ते पटते.

बॅटरीच्या ट्रेमागे, हात जेमतेम शिरेल अशा जागी, ही केबल गिअरबॉक्सच्या खोक्याला एका बोल्टने आवळलेली होती. बोल्ट काढल्यावर दिसले की, लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली कारखान्यातला रंग जवळजवळ तसाच शाबूत होता. धातूला धातू भिडत होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून, आणि त्या आट्यांवर हिरवट पांढरी पूड साचलेली होती. लगच्या तोंडाशी केबलच्या तारा काळ्या पडून बोटाने चुरगळत होत्या. लाखो रुपयांच्या यंत्रात रंगावरच अर्थ आवळून दिला जातो आणि डिलिव्हरीपूर्व तपासणीच्या कागदावर त्याच्यासमोर खूण केलेली असते, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मिस्त्रींनी पॉलिश पेपरने जागा लख्ख केली, पस्तीस चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल कापून दोन्ही टोकांना लग दाबून बसवले, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. सगळा खर्च मजुरीसह हजाराच्या आत आला. मीटर दोन दशांश व्होल्टवर उतरला आणि सेल्फचा आवाजच बदलला.

गंज इतक्या लवकर का चढला, याचे एक कारण आपल्याकडे घरोघरी सापडेल. ट्रॅक्टरच्या शेडमध्येच युरिया आणि पोटॅशची पोती रचलेली असतात. पावसाळी हवेत ही खते ओलावा ओढून घेतात आणि त्यांची धूळ तांब्याला खाते. आता आमची पोती दुसऱ्या खोलीत गेली आहेत.

इतके झाल्यावर लक्षणे ओळखणे सोपे वाटू लागले. चावी फिरवून काहीच आवाज येत नसेल, तर फ्यूज, चावीचा स्विच किंवा क्लच पेडलखालचा सेफ्टी स्विच बघावा. हा स्विच चिखलाने अडकतो. सलग टकटक येत असेल तर बॅटरी उतरलेली किंवा जोडणी ढिली असते, आणि एकच जोरदार ‘टक’ येऊन शांतता पसरली तर अर्थ, जाड केबल आणि सोलेनॉइडचे (स्टार्टरला प्रवाह जोडणाऱ्या स्विचचे) आतले संपर्क यांकडे वळावे. सेफ्टी स्विच त्रास देतो म्हणून तो ‘डायरेक्ट’ करून, म्हणजे टाळून तारा थेट जोडून, देणारे फिटर पुष्कळ भेटतात. त्यांना नकार द्यावा, कारण गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर त्यामुळे जागेवरून उसळतो. चाकाजवळ उभे राहून पान्याने स्टार्टरची टोके जोडणे तर जीवावरचेच काम आहे.

वरचा मजकूर पावसाळ्याच्या शेवटी लिहिला होता आणि त्यात मी हा ट्रॅक्टर कोणी घेऊ नये, असे स्पष्ट म्हटले होते. डिसेंबरमध्ये ते वाक्य काढून टाकले. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसाच्या कामाच्या दिवसांत नवीच तक्रार सुरू झाली : सकाळी सेल्फ जोरात फिरे, इंजिन दोन-चार क्षण चाले आणि बंद पडे. कोल्हापूरच्या थंडीला इतका दोष देण्यात अर्थ नव्हता. तरीही ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) तपासले आणि तिन्ही मीटरवर दोन ओमच्या आत निघाले. इंजिन बंद करण्याची दांडी पूर्ण आत जात होती. सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत नव्हता, म्हणजे डिझेलच पोहोचत नव्हते. धूर येऊनही इंजिन पेटत नसेल, तर डिझेल पोहोचत आहे पण उष्णता कमी पडत आहे, असे समजावे.

खूण सापडली ती टाकीवरून. टाकी भरलेली असताना सकाळी त्रास होत नसे, निम्म्याखाली गेली की दुसऱ्या दिवशी हमखास होई. डिझेलची पातळी फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या) खाली उतरली की रात्रभरात ओढीच्या बाजूने कुठून तरी हवा शिरत होती आणि नळीतले डिझेल मागे टाकीत उतरत होते. अशा जागी डिझेल बाहेर गळत नाही, म्हणून ओल शोधून काही सापडत नाही. फिल्टरच्या बँजो बोल्टखाली (डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखाली) जुन्याच तांब्याच्या वायसर परत वापरलेल्या निघाल्या, म्हणजे मे महिन्यातल्या त्या अनाठायी फिल्टरबदलाची ही देणगी होती. नव्या वायसर टाकल्या, फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढली, आणि तेव्हापासून टाकी तळाला गेली तरी सकाळी पहिल्या झटक्याला इंजिन सुरू होते. या काळात एकाने स्टार्टिंग स्प्रे मारण्याचा सल्ला दिला होता. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात तो मारू नये. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटून पिस्टनची हानी करू शकतो.

इंजिनाबद्दल माझी आता काडीचीही तक्रार नाही. भरणीत ते दमत नाही आणि डिझेल जपून पिते. दोष आहे तो जोडणीच्या आळशीपणात आणि पार्ट बदलण्यापलीकडे न जाणाऱ्या सर्व्हिसमध्ये. याच किमतीत पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन. फक्त शोरूममधून बाहेर काढण्याआधी बॅटरीचा ट्रे उचलायला लावीन, अर्थचा बोल्ट माझ्यासमोर उघडून रंग खरवडून घेईन आणि मगच उरलेल्या रकमेचा चेक फाडीन.