फोर पॉइंट स्टार्टर : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या मशीन लॅबमधल्या ५ एचपी, २२० व्होल्टच्या डीसी शंट मोटरला (हिची फील्ड, म्हणजे चुंबकी क्षेत्र तयार करणारी वाइंडिंग, आर्मेचर या फिरणाऱ्या भागाला समांतर असते) जूनमध्ये फोर पॉइंट स्टार्टर बसवला. स्टार्टर म्हणजे सुरुवातीचा करंट आवरायला रेझिस्टन्स मधे घालणारं आणि हँडल सरकवत ते टप्प्याटप्प्याने काढणारं उपकरण. आधीच्या थ्री पॉइंटमध्ये नो-व्होल्ट कॉइल (हँडलला चालू जागी धरून ठेवणारा आणि सप्लाय गेला की सोडणारा विद्युतचुंबक) फील्डच्या सिरीजमध्ये होती. वेग वाढवायला रिओस्टॅटने (कमीजास्त करता येणाऱ्या रेझिस्टन्सने) फील्डचा करंट कमी केला की कॉइलची पकड सुटायची, हँडल खाडकन ऑफवर जायचं आणि मुलांची रीडिंगं अर्धवट राहायची. नव्यात ही कॉइल स्वतःच्या रेझिस्टन्ससह थेट सप्लायवर आहे. तो त्रास पूर्ण थांबला.

स्टार्टर लागतोच कशाला, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. मोटर उभी असताना बॅक ईएमएफ (फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये तयार होणारा, सप्लायला विरोध करणारा व्होल्टेज) शून्य असतो. आर्मेचरचा रेझिस्टन्स अर्धा ओहम धरला तर थेट २२० व्होल्टवर ४४० अँपिअर ओढले जातील. फुल लोडला लागतात वीसेक. फ्यूज तर उडेलच, ब्रश आणि कम्युटेटरही (आर्मेचरला करंट पोचवणारे घासते भाग) भाजतील.

हँडलची चाल मस्त आहे. पहिल्या स्टडवर (हँडल ज्यांवरून सरकतं त्या धातूच्या टप्प्यांपैकी पहिल्यावर) अँमीटरचा काटा उसळतो आणि मोटर वेग घेईल तसा खाली येतो. तो खाली आला की पुढचा स्टड. मधे रेंगाळायचं मात्र नाही, स्टार्टरमधले रेझिस्टन्स थोड्या वेळापुरतेच असतात. बंद करताना मेन स्विचच पाडा. हँडल मागे ओढलं तर पहिल्या स्टडवर ठिणगी पडते. पावसाळ्यात स्टड काळे पडले होते, सप्लाय तोडून बारीक पॉलिश पेपरने साफ केले.

आता खरी काळजीची गोष्ट. थ्री पॉइंटमध्ये फील्डची वायर तुटली तर हँडल आपोआप सुटायचं. फोर पॉइंटमध्ये ते धरूनच राहतं, आणि बिनलोड मोटरचा वेग बेसुमार वाढत जातो. म्हणून आम्ही फील्डमध्ये करंट रिले (करंट थांबला की आपला कॉन्टॅक्ट उघडणारा स्विच) घातला आणि त्याचा कॉन्टॅक्ट नो-व्होल्ट कॉइलच्या सिरीजमध्ये जोडला. हा जादा खर्च नक्की करा. सुरू करण्याआधी फील्डची टर्मिनलं हाताने हलवून बघायची, तीही मेन बंद असताना, आणि फील्ड रिओस्टॅट कमीत कमी रेझिस्टन्सवर ठेवायचा.

कम्पाउंड मोटरलाही (शंट आणि सिरीज दोन्ही फील्ड असलेल्या) हा स्टार्टर चालतो. सिरीज मोटरसाठी (फील्ड आर्मेचरच्या सिरीजमध्ये असलेल्या) मात्र घेऊ नका, तिला टू पॉइंट लागतो. शिवाय ती बिनलोड सुरू करायचीच नाही, तिचाही वेग बेसुमार वाढतो; लोडही पट्ट्याने नव्हे तर कपलिंगने किंवा गिअरने जोडायचा, कारण पट्टा निसटला की ती बिनलोडच झाली.