पार्लर गिटार, पावसाळा काढल्यानंतर: चौथी तार का दबते?

माझ्या पार्लर (छोट्या खोक्याच्या) गिटारचा हा रिव्ह्यू. स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. गिटार अ‍ॅम्पला (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरला) जोडली की खर्जाच्या तारांपैकी पाचवी, सहावी तार दणदणीत वाजते आणि चौथी गायब होते. प्लग काढला की सगळं व्यवस्थित.

नुसतं स्ट्रमिंग करणाऱ्याला हे कळणारही नाही. पण फिंगरस्टाइल (बोटांनी तारा छेडायच्या) ब्लूजमध्ये सी कॉर्डवर अंगठा पाचवी-चौथी-सहावी-चौथी असा फिरतो, ई कॉर्डवर सहावी-चौथी. म्हणजे दर दुसरा ठोका चौथीवर! ती दबली की बेस, म्हणजे अंगठ्याचा खर्जाचा ठेका, लंगडतो. अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्टची १९२८ ची रेकॉर्डिंग्ज ऐका. गाणं अगदी हळुवार, पण अंगठा ठाम, आणि वरची चाल त्याच्याच भरवशावर मोकळी फिरते. अमेरिकन गिटारवादक एलिझाबेथ कॉटन तर डावखुऱ्या. उलट्या धरलेल्या गिटारवर बेस बोटाने आणि चाल अंगठ्याने वाजवायच्या, तरी बेस पक्का.

सर्व्हिस सेंटर म्हणालं, "नॉर्मल आहे, ईक्यू वाढवा." अहो, ईक्यू (खर्ज-टीप कमीजास्त करायचं बटण) सगळ्या तारांना एकदम लागतो, एकट्या चौथीला कसा लागेल? मग म्हणाले पिकअप (तारांचा आवाज अ‍ॅम्पकडे पाठवणारा भाग) बदला, ४,५०० रुपये, वॉरंटीत बसत नाही. १८,००० च्या गिटारला? साफ नाही म्हटलं. तेव्हा दोनच स्टार देणार होतो.

मग ठाण्यातल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी तारा ढिल्या करून सॅडल (खोक्यावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उपसलं आणि काचेवर उभं धरलं. मधोमध खालून चक्क उजेड दिसत होता. पिकअपची पिएझो पट्टी सॅडलखाली असते, तिच्यावर दाब पडेल तसा सिग्नल निघतो. चौथीचा दाब पोचतच नव्हता. काकांनी काचेवर पॉलिश पेपर ठेवून खालची कड सपाट घासली. ३०० रुपये. चौथी बाकीच्यांच्या बरोबरीने वाजायला लागली. दमट हवेने टॉप (खोक्याची वरची फळी) फुगून चढलेली अ‍ॅक्शनही (तारांची मानेपासूनची उंची) त्या घासण्याने जराशी उतरली.

बाकी गिटार गुणी आहे. नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) ४४.५ मिमी रुंद, बोटं अडखळत नाहीत. खोका छोटा, त्यामुळे बेस घुमत नाही. केसमध्ये सिलिका जेल ठेवा आणि तारा कोटेडच (संरक्षक थर दिलेल्या) घ्या, साध्या फॉस्फर ब्राँझ पावसाळ्यात लगेच काळ्या पडतात.

आता चार स्टार. पाचवा सर्व्हिसमुळे कापला, एकानेही सॅडल काढून बघितलं नाही. घेताना दुकानातच अ‍ॅम्पला लावून चौथी-पाचवी आलटूनपालटून छेडा, फरक जाणवला तर दुसरा पीस मागा.