४,५०० भरा, ३०,००० चं अनुदान मिळवा

राज्यशास्त्राच्या मुलांच्या ग्रुपवर ते पोस्टर पुन्हा फिरायला लागलंय: ‘पदवी विद्यार्थ्यांसाठी संशोधन फेलोशिप, दिल्लीत आंतरराष्ट्रीय परिषद, निवड झाल्यास ३०,००० रुपये अनुदान’. मागच्या वर्षी याच मंडळींनी मला आणि माझ्या दोन मैत्रिणींना गंडवलं. तक्रार चालू आहे म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही, पण पद्धत सगळी सांगते.

टी.वाय.ला माझा विषय होता कोरमअभावी तहकूब होणाऱ्या ग्रामसभा. आपल्याकडे ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातले जे कमी असेल तेवढे लोक लागतात. तहकूब सभेला ती अट नाही. मग महत्त्वाचे ठराव नेमके कुठल्या सभेत होतात, हे बघायला आमच्या भागातली प्रोसिडिंग बुकं, म्हणजे सभांच्या कामकाजाच्या नोंदवह्या, मी चाळली होती. गोषवारा पाठवला आणि लगेच निवडपत्र हजर.

पत्र बघण्यासारखं होतं. वर तीन सिंह, शेजारी संयुक्त राष्ट्रांचं निळं चिन्ह, खाली ‘एमएसएमई मान्यताप्राप्त’, ‘नीती आयोगाकडे नोंदणीकृत’, ‘आयएसओ प्रमाणित’. आता यातलं एकेक घ्या. एमएसएमई म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची उद्यम नोंदणी. ती फुकट होते, ऑनलाइन होते, स्वतःच माहिती भरून होते. पिठाची गिरणीवालाही करतो. नीती आयोगाचं म्हणजे दर्पण पोर्टल, तिथे स्वयंसेवी संस्था आपली माहिती नोंदवतात. आयोग त्यांच्या फेलोशिपची हमी घेत नाही. राज्यचिन्हाचा असा वापर २००५ च्या कायद्याने बंद आहे आणि संयुक्त राष्ट्रांचं नाव-चिन्ह विनापरवाना वापरायला १९५० चाच कायदा आडवा येतो. म्हणजे पत्रातला सगळ्यात भारदस्त भाग हाच सगळ्यात बेकायदेशीर.

‘सीट कन्फर्म’ करायला ४,५०० रुपये, तेही एका माणसाच्या नावाच्या यूपीआयवर. फोनवरच्या कोऑर्डिनेटर मॅडम गोड बोलायच्या: “बेटा, ग्रँट तो मिल ही रही है, यह तो बस कन्फर्मेशन है.” वडिलांनी सोसायटीतून उचल घेऊन पैसे दिले. रेल्वे आणि राहणं वेगळं.

दिल्लीत परिषद म्हणजे एका हॉटेलच्या तळघरातला लग्नाचा हॉल. बॅनरवरच्या सालावर कागद चिकटवून नवं साल टाकलेलं. माझ्या आधी सोलर पंपावर पेपर, माझ्यानंतर होमिओपॅथीवर. ‘मल्टिडिसिप्लिनरी’ म्हटलं की सगळं खपतं. अध्यक्षबाई मोबाइलमध्ये. ग्रामसभेच्या कोरमवर बोलताना समोर बघितलं तर आमच्या सत्रालाच कोरम नव्हता! चार-पाच मिनिटांत “थँक्यू, नेक्स्ट”.

अनुदानाचं विचारलं तेव्हा खरी गंमत कळली. मूळ फी म्हणे ३४,५००. त्यातली ३०,००० माफ केली, तेच अनुदान! पत्रात ‘वेव्हर’ हा शब्द मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात होता. वर पेपर छापायचे २,००० वेगळे मागितले. मी दिले नाहीत, मैत्रिणीने दिले. तिच्या पीडीएफवरचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकला तर तिथे भलत्याच मासिकाचं नाव आलं. आणि नंबर खरा असता तरी काय? भारतात तो फुकट मिळतो आणि त्याचा लेखाच्या दर्जाशी काही संबंध नाही. हे दुकान चालतं कारण आपल्याकडे सर्टिफिकेटला गिऱ्हाईक आहे. विद्यार्थ्यांना बायोडेटासाठी हवं, कॉलेजांना फाइलसाठी हवं. आत काय आहे ते कोण वाचतो?

पोलीस म्हणाले, कार्यक्रम झाला, प्रमाणपत्र मिळालं, मग फसवणूक कसली? म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फीही नाही. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आधी वाट दाखवते.

फी मागितली की लबाड, असंही सरसकट नाही. मुख्यमंत्री फेलोशिपच्या अर्जालाही ५०० रुपये घेतात, पण जाहिरात सरकारी संकेतस्थळावर असते आणि फेलोला दरमहा मानधन मिळतं. ती मात्र २१ ते २६ वयाच्या पदवीधरांसाठी आहे. खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिपही पदवीनंतरच. समाजविज्ञान संशोधन परिषदेच्या फेलोशिप पीएचडीपासून पुढे. थोडक्यात, बी.ए.च्या मुलांना संशोधनासाठी पैसे देणारे फार थोडे आहेत, आणि त्या रिकाम्या जागेतच हे लोक घुसतात. पेपर मांडायचाच असेल तर ‘आविष्कार’ आहे. विद्यापीठांची ही स्पर्धा २००६ पासून चालते, पदवीचा वेगळा गट असतो, मानव्यविद्याही असते, आणि नाव कॉलेजमार्फत जातं. मी त्याच ग्रामसभेवर यंदा तिथे नाव दिलंय.

ज्यांनी या पोस्टरवरच्या नंबरवर नुकतेच पैसे पाठवले असतील त्यांनी ‘नंतर बघू’ म्हणू नका. आत्ता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ती गोठवता येण्याची शक्यता असते. आणि चॅट डिलीट करू नका, मॅडमचे व्हॉइस मेसेजसुद्धा.